थ्री-नॉट-थ्रीवरचं वर्ष

भरे गावातल्या आमच्या घरात एक गोष्ट तीन पिढ्या सांगितली जात होती. थोरले आबा, म्हणजे माझे पणजोबा, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. त्यांची बंदूक मात्र परत आली आणि ती मुळशी तालुक्यातल्या एका शाळेच्या छात्रसेनेकडे आहे, अशी ती गोष्ट. पुरावा विचारला की माझे चुलते तात्या पुढे सरसावत. शाळेत असताना कवायतीला त्यांच्या वाट्याला जी बंदूक येई, तिच्या लोखंडावर १९१६ हे वर्ष कोरलेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं. “आबा त्याच लढाईत होते की रे,” ते म्हणत, “मग आणखी काय पाहिजे तुला?”

इतिहासाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला ‘आणखी काय पाहिजे’ हा प्रश्न सतावतोच. कवायतीच्या जुन्या बंदुका शाळेतून परत जाणार असल्याचं कळल्यावर मी रीतसर परवानगी काढली आणि संबंधित अधिकाऱ्यांच्या समोर बसून ती बंदूक दोन दिवस पाहिली. या लेखात त्या दोन दिवसांत वाचलेल्या खुणा आहेत, आणि त्या खुणांनी आमच्या घरच्या गोष्टीचं काय केलं, तेही आहे.

बंदूक ओळखीचीच होती. आपण सगळे जिला ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतो तीच ही ली-एनफिल्ड. नाव तिच्या नळीच्या मापावरून पडलं: इंचाचे ३०३ सहस्रांश, म्हणजे ७.७ मिलिमीटर. तिची बोल्टची रचना जेम्स पॅरिस ली या संशोधकाची, नळीतल्या आट्यांची पद्धत लंडनजवळच्या एनफिल्ड कारखान्याची. मॅगझिनमध्ये दहा काडतुसं, वजन सुमारे चार किलो, लांबी जेमतेम साडेतीन-पावणेचार फूट. पायदळ आणि घोडदळ दोघांनाही एकच बंदूक चालावी म्हणून नळी आखूड केलेली. त्यामुळे तिच्या नावात ‘शॉर्ट’ हा शब्द आला.

अशा बंदुकीवर मजकूर पुष्कळ असतो, पण तो एका जागी नसतो आणि एका वेळी लिहिलेला नसतो. शिवाय आमच्या बंदुकीवर काळ्या रंगाचा जाड थर होता. रंग खरवडायचा नाही, हे पहिलं पथ्य. केरोसीनच्या ओल्या फडक्यानं मळ काढायचा, अक्षरांच्या खाचांत खडूची पूड चोळायची आणि बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूनं, तिरपा टाकायचा. ताम्रपट किंवा झिजलेला शिलालेख वाचताना जे करतात तेच. खोली अंधारी केली की सपाट वाटणाऱ्या लोखंडावर अक्षरं उभी राहतात.

पहिलं वाचन : गळ्यापाशी

लाकडी दस्ता पुढच्या लोखंडात जिथे बसतो, त्या पोलादी गळ्याच्या उजव्या बाजूला बंदुकीचं जन्मटिपण असतं. आमच्या बंदुकीवर वरून खाली असं दिसलं: मुकुट, त्याखाली ‘जी.आर.’, मग ‘एनफिल्ड’, मग १९१६, मग ‘एसएचटी. एल.ई.’ आणि शेवटी रोमन तीनचा आकडा व त्यापुढे एक चांदणी.

‘जी.आर.’ म्हणजे जॉर्ज रेक्स, राजा पाचवा जॉर्ज. इथे एका अक्षराचा फरक महत्त्वाचा. बंगालमध्ये हुगळीकाठी इच्छापूरला सरकारी रायफल कारखाना १९०४ पासून आहे. तिथे बनलेल्या बंदुकीवर ‘जी.आर.आय.’ असं कोरत. शेवटचा ‘आय’ इम्पेरेटरचा, म्हणजे सम्राटाचा. तोच माणूस इंग्लंडात राजा आणि हिंदुस्थानात सम्राट, हे त्या कारखान्यांनी लोखंडावर नोंदवून ठेवलेलं आहे. आमच्या बंदुकीवर ‘आय’ नाही, म्हणजे ती विलायतेत बनली. इच्छापूर हे बराकपूरच्या शेजारचं. १८५७ मध्ये मंगल पांडे यांनी बराकपूरला बंड केलं ते ज्या बंदुकीच्या काडतुसांवरून, तिचंही नाव एनफिल्डच होतं. पुढे अर्ध्या शतकानं त्याच परिसरात एनफिल्डच्याच वंशातली बंदूक तयार होऊ लागली.

‘एसएचटी. एल.ई.’ हे ‘शॉर्ट ली-एनफिल्ड’चं संक्षिप्त रूप. १९२६ मध्ये ब्रिटिशांनी नावं बदलली आणि हीच बंदूक ‘नंबर १’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यामुळे वर्ष झिजलेलं असलं तरी नुसत्या नावावरून बंदूक १९२६ च्या आधीची की नंतरची ते सांगता येतं. रोमन तीन म्हणजे १९०७ मध्ये मंजूर झालेला तिसरा नमुना. पुढची चांदणी शोभेची नाही. महायुद्धात बंदुका पुरेनात, तेव्हा या नमुन्यातले वेळखाऊ भाग १९१६ च्या सुरुवातीला गाळले गेले: मॅगझिन बंद ठेवून एकेक काडतूस भरायला लावणारी पट्टी आणि फार लांबच्या माऱ्यासाठी बाजूला बसवलेली जादा दुर्बिणहीन नेम-यंत्रणा. गाळलेल्या भागांची खूण म्हणजे ती चांदणी. वर्ष आणि चांदणी एकमेकांशी जुळत होती. तात्यांनी शाळकरी वयात वाचलेलं वर्ष खरं होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी तात्यांना फोन करून तेवढंच सांगितलं. ते म्हणाले, “मी काय खोटं बोलत होतो होय?”

दुसरं वाचन : बाकीच्या अंगावर

बंदुकीचा मुख्य लोखंडी भाग, जिला कारागीर ‘बॉडी’ म्हणतात, तो एक. पण त्यावर नळी, बोल्ट, लाकूड, नेमाची पट्टी, तोंडावरची टोपी असे कितीतरी सुटे भाग बसतात. कारखान्यातून निघताना यांतल्या महत्त्वाच्या भागांवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. बोल्टवर तो असायलाच हवा. बोल्टचं तोंड आणि नळीचं बूड यांच्यातलं अंतर काटेकोर लागतं; ते वाढलं तर काडतुसाची पुंगळी फाटून गरम वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. म्हणून प्रत्येक बोल्ट आपापल्या बंदुकीला तपासून बसवायचा आणि त्यावर तिचाच क्रमांक घालायचा, ही पद्धत.

आमच्या बंदुकीच्या बोल्टवर दोन क्रमांक निघाले. जुन्यावर आडवी रेघ मारून तो रद्द केलेला आणि शेजारी बॉडीशी जुळणारा नवा ठोकलेला. म्हणजे हा बोल्ट दुसऱ्या कुठल्यातरी बंदुकीतून आला. तोंडावरच्या टोपीवर तिसराच क्रमांक होता. नळीच्या बुडाशी वर्षाचे दोनच आकडे होते: ४४. नळी १९४४ ची. म्हणजे १९१६ ची मूळ नळी तोवर झिजून गेली होती आणि दुसऱ्या महायुद्धात नवी घातली होती. पुढचं लाकूडही मूळचं नव्हतं, कारण त्यात एक आडवा स्क्रू होता. लाकूड चिरू नये म्हणून असा स्क्रू घालणं ही इच्छापूरची खासियत. जगभरचे जाणकार तेवढ्या एका स्क्रूवरून बंदूक हिंदुस्थानात राहिलेली आहे हे ओळखतात.

आणखी दोन खुणा. एक म्हणजे बाण. ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेवर कोंबडीच्या पावलासारखा तीन फाट्यांचा बाण असतो. हिंदुस्थान सरकारच्या मालमत्तेवर त्याच बाणाखाली ‘आय’ अक्षर. आमच्या बंदुकीवर दोन्ही होते, म्हणजे मालक बदलल्याची नोंद. दुसरी म्हणजे ‘एफ.आर.’ ही अक्षरं, ‘फॅक्टरी रिपेअर’ची. बंदूक पूर्ण उकलून, तपासून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडली की ही खूण पडे. वरचा काळा रंगही अशा दुरुस्तीनंतरचाच; दमट हवेत लोखंड गंजू नये म्हणून तो देत.

आमच्याकडे आजीची गोधडी असते. दर दोन-चार वर्षांनी तिला नवं ठिगळ पडतं, आतलं जुनेर बदलतं, तरी घरात ती ‘आजीची गोधडी’च राहते. या बंदुकीचंही तसंच. गळ्यावर १९१६ लिहिलेलं होतं, पण १९१६ ची म्हणावी अशी एकटी बॉडीच उरली होती. बाकीचा प्रत्येक भाग वेगळ्या वर्षाचा, वेगळ्या बंदुकीचा. पणजोबांचा हात लागलेलं लाकूड आपण धरलं आहे, ही तात्यांची समजूत लाकडापुरती तरी इथेच संपली.

नसलेल्या खुणा

जुनी बंदूक वाचताना असलेल्या खुणांइतक्याच नसलेल्या खुणा बोलक्या असतात. सरकारी बंदूक विकून टाकली, की दोन बाण टोकाला टोक लावून ठोकत. त्याचा अर्थ ‘सेवेतून बाहेर’. अमेरिकेत विकल्या गेलेल्या जुन्या लष्करी बंदुकांवर आयात करणाऱ्या कंपनीचं नावही कोरलेलं असतं, कारण तिथल्या कायद्यानं ते सक्तीचं आहे. आमच्या बंदुकीवर यांतलं काही नव्हतं. असण्याचं कारणही नव्हतं. आपल्याकडे लष्करी काडतूस चालणारी बंदूक सामान्य माणसाला मिळत नाही. ती ‘प्रतिबंधित बोअर’ समजली जाते. म्हणून तर इच्छापूरनं नागरिकांसाठी .३१५ बोअरची वेगळी बंदूक काढली. आपल्या देशात थ्री-नॉट-थ्री बाजारात न जाता एका सरकारी हातातून दुसऱ्या सरकारी हातात गेली. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान याच बंदुका घेऊन लढले. त्यानंतर सैन्यात स्वयंभरणी रायफली आल्या आणि थ्री-नॉट-थ्री पोलिसांकडे सरकली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात एके-४७ समोर पोलिसांच्या हाती हीच बंदूक होती, याची तेव्हा देशभर चर्चा झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी.

काही बंदुका मात्र शाळा-महाविद्यालयांत आल्या. छात्रसेना १९४८ च्या कायद्यानं स्थापन झाली आणि कवायतीसाठी तिला अशा बंदुका मिळाल्या. त्यांवर ‘डी.पी.’ असतं, ‘ड्रिल पर्पज’. या बंदुकीतून पुन्हा कधी गोळी सुटू नये म्हणून टाचणी निकामी करतात, नळीला भोक पाडतात. आमच्या बंदुकीवर ही दोन अक्षरं सगळ्यांत ठळक आणि सगळ्यांत अलीकडची होती.

आणि मी ज्यासाठी गेलो होतो ती खूण दस्त्याच्या उजव्या बाजूला असायला हवी होती. तिथे पूर्वी पितळी चकती बसवत. तीवर पलटणीचं संक्षिप्त नाव आणि पलटणीतला बंदुकीचा क्रमांक कोरत. शिपायापर्यंत पोचायला लोखंडाच्या बाजूनं याहून जवळची वाट नाही. युद्धात काटकसर सुरू झाल्यावर चकत्याही गेल्या. आमच्या दस्त्यावर चकती नव्हती, खोबणही नव्हती. असती तरी काय मिळालं असतं? पलटण आणि आकडा. कोणत्या कारखान्यात बनली, कोणत्या वर्षी, कोणत्या नमुन्याची, कुणाच्या मालकीची, कधी दुरुस्त झाली, कशी निकामी केली, हे सगळं या बंदुकीवर आहे. ती कुणी वाहिली हे नाही. हा मजकूर कोठार सांभाळणाऱ्यानं कोठार सांभाळणाऱ्यासाठी लिहिलेला आहे.

शस्त्रागाराच्या कपाटाच्या खणात एक रिकामी पुंगळी पडलेली होती, कुणीतरी किल्लीला अडकवलेली. तिच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’, मध्ये बाण, आणि रोमन सात. ‘के.एफ.’ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. रोमन सात हा काडतुसाचा सातवा नमुना. आमच्या तालुक्यातून वाहत जाणारी मुळा पुढे खडकीवरूनच संगमाला जाते. हजारो मैलांवरच्या लढायांची काडतुसं आपल्याच नदीकाठी भरली जात होती, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि हातात पुंगळी धरून वाचणं वेगळं.

चांदणी

घरी परतल्यावर मी तात्यांना बोल्ट, नळी, लाकूड यांचा हिशेब सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग आत जाऊन देव्हाऱ्याखालच्या डब्यातून एक काळपट धातूची चांदणी घेऊन आले. लहानपणी आम्ही तिच्याशी खेळलो होतो. आबांची पदकं तीन होती, त्यातलं चांदीचं आत्याच्या लग्नात सोनारानं घेतलं. उरलेल्या दोन पदकांना त्यानं हात लावला नाही, कारण ती कांशाची. त्यांतलंही एक पुढे हरवलं. राहिली ती ही चांदणी.

बंदूक वाचायला शिकलो नसतो तर मी ती उलटी करून पाहिली नसती. खडूची पूड, तिरपा उजेड. मागच्या सपाट बाजूवर चार गोष्टी ठोकलेल्या होत्या: शिपायाचा क्रमांक, हुद्दा, थोरल्या आबांचं नाव आणि ‘११७ महारट्टाज’. नाव इंग्रजीत आणि जरा वेडंवाकडं, पण नाव.

ही चांदणी स्वतःच एक तारीख आहे. तिच्यावर पुढच्या बाजूला १९१४–१५ लिहिलेलं असतं. ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी जो रणभूमीवर पोचला, त्यालाच ती मिळे. आणि ११७ वी मराठा पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन १९१४ च्या अखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली, बसऱ्याहून तैग्रिसच्या काठानं वर सरकत गेली आणि २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांशी भिडली. तिथे तिचे चार हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. उरलेले कुत-अल-अमाराला मागे आले, वेढले गेले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. शरण जाण्यापूर्वी त्यांनी आपली शस्त्रं नष्ट केली.

क्रमांक, नाव आणि पलटण एवढं हाताशी असलं की पुढचं काम सोपं होतं. महायुद्धांतल्या मृत सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत थोरले आबा सापडले. मृत्यू नोव्हेंबर १९१५. स्मारक बसरा.

तात्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनीच बोटांवर हिशेब केला. आबा गेले पंधरा साली. बंदूक बनली सोळा साली. ज्या वर्षाच्या जोरावर आमची गोष्ट साठ वर्षं उभी होती, त्याच वर्षानं ती पाडली.

आकडा आणि नाव

बसऱ्याच्या स्मारकाबद्दल इथे सांगायलाच हवं. ते १९२९ मध्ये उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते आहे. ब्रिटिश सैनिकांची नावं भिंतीवर आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. त्यांच्यासाठी पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या कोरली: आणखी इतके हिंदी सैनिक. त्यांची संख्या ३० हजारांहून जास्त भरते. याबद्दल आयोगानं स्वतः चौकशी करून एप्रिल २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला आणि माफी मागितली. आशिया आणि आफ्रिकेतल्या किमान ४५ हजार मृतांना असं असमान स्मरण मिळालं, असं त्या अहवालानं मान्य केलं.

आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत चावडीवर किंवा वेशीवर छोटी संगमरवरी पाटी असते. या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले. तिथेही आकडेच. तीच भाषा बंदुकीवर, तीच गावच्या पाटीवर, तीच बसऱ्याच्या भिंतीवर. आमच्या घरच्यांनी एका बंदुकीला आबांचं नाव चिकटवलं, ते यामुळेच असावं. एवढा माणूस गेला आणि त्याची म्हणून दाखवता येईल अशी एकही वस्तू गावात नाही, हे घराला सोसवलं नाही. लोखंडावर त्या युद्धातलं एक वर्ष दिसलं, त्याला त्यांनी आपला माणूस जोडला.

वाचकांना एक सुचवावंसं वाटतं. पुणे, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या पट्ट्यात अशी पदकं अजून पुष्कळ घरांत असतील. डब्यात, देव्हाऱ्यात, पोरांच्या खेळण्यांत. गोल पदक असेल तर त्याची कड पाहा, चांदणी असेल तर पाठ पाहा. पॉलिश करू नका, चिंचेनं घासू नका. अक्षरं उथळ असतात, दोन-चार घासण्यांत जातात. खडूची पूड आणि तिरपा उजेड पुरतो. क्रमांक आणि पलटण उतरवून घ्या, नावाचं इंग्रजी स्पेलिंग जसं असेल तसं घ्या. आयोगाच्या यादीत ते चुकीच्या स्पेलिंगनंच सापडण्याचा संभव जास्त.

बंदुका परत गेल्या. आमच्या घरात ती गोष्ट आता वेगळ्या तऱ्हेनं सांगतात. तात्यांनी चांदणी देव्हाऱ्याखालच्या डब्यातून काढून देव्हाऱ्यात ठेवली आहे, पाठ वर करून, म्हणजे नाव दिसेल अशी. पितृपक्षात आबांची तिथी माहीत नसल्यामुळे त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीला होत असे. यंदा तात्यांनी पंचांग काढून घेऊन यायला सांगितलं आहे, १९१५ चं.